चंद्राला हार, सिंदेवाहीला पंचनामा

२३ ऑगस्ट जवळ आला की भंडारा जिल्ह्यातल्या शाळांमधून रॉकेटं उगवू लागतात. पुठ्ठ्याची, थर्माकोलची, मागच्या गणपतीतून उरलेल्या चमकीची. २०२३ साली त्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण भागात उतरला आणि तो दिवस ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ झाला. उत्तम झालं. आकाशाच्या नावानं एक तरी तारीख सरकारदरबारी लागली. पण दरबारी लागली की तारखेचं जे व्हायचं तेच झालं. हार आला, नारळ आला, प्रास्ताविक आलं, आभारप्रदर्शन आलं. मधल्या जागेत आकाश बसवायचं तेवढं राहिलं.

लाखनी तालुक्यातल्या एका शाळेत असा सोहळा पाहिला. मंचामागे फ्लेक्स. वर मोठ्या अक्षरात ‘चांद्रयान’, खाली चित्र अमेरिकेच्या स्पेस शटलचं. हे शटल जन्मात कधी चंद्रावर गेलं नाही आणि २०११ च्या जुलैत कायमचं घरी बसलं. त्याच्या शेपटावर तिरंगा चिकटवला होता, म्हणजे देशभक्तीचा प्रश्न मिटला. पाहुणे यायचे होते. पोरं पटांगणात रांगेनं उभी. तेवढ्यात ढगांच्या फटीतून एक विमान दिसलं आणि चौथीतला एक पोरगा मान मोडून वर बघायला लागला. गुरुजींनी मागून टपली मारली, ‘‘वर काय पाहून राह्यला बे? समोर पाय!’’

अंतराळ दिनाचं याहून नेमकं भाषण त्या दिवशी दुसरं झालं नाही. नंतर पाहुणे आले, ‘आकाशाला गवसणी घाला’ म्हणाले आणि शेजारच्या गावच्या कार्यक्रमाला निघून गेले.

तारखांचं म्हणाल तर आपण परक्याच्या घड्याळावर श्राद्ध घालणारी माणसं. २० जुलैला फळ्यावर सुविचाराच्या जागी आर्मस्ट्राँग येतो. अमेरिकेत तेव्हा २० जुलै १९६९ होती, खरं आहे. भंडाऱ्यात मात्र, ईगल हे यान चंद्रावर उतरलं तेव्हा, रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते, २१ तारीख लागली होती; आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजत आले होते. स्पुतनिकचंही तेच. ४ ऑक्टोबर १९५७ धरून आपण जागतिक अंतराळ सप्ताहाची फीत कापतो. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून ५ तारखेचा एक वाजत आला होता. एरवी घटका-पळं मोजणारा, एकादशी आज की उद्या यावरून घराघरांत भांडणारा समाज चंद्राच्याच बाबतीत वॉशिंग्टनचं घड्याळ बिनतक्रार मान्य करतो.

आणि २१ जुलै तरी कशाला? त्या आठवड्यात भंडाऱ्यात रिकामं कोण असतं? पऱ्हे काढायचे, बांधीत चिखल करायचा, रोवणीला बायका मिळेनात म्हणून दुसऱ्या गावाहून गाडी भरून आणायच्या. २००८ साली चांद्रयान-१ गेलं आणि पुढच्या वर्षी चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचं जाहीर झालं. धुऱ्यावर उभं राहून हे एखाद्या रोवणीवाल्या बाईला सांगून पाहा. कंबर सरळ न करता ती विचारील, ‘‘चांदावर पानी सापडला म्हनता जी, आमच्या बांधीत कधी सापडन थे सांगा ना.’’

तिचं काही चुकत नाही. चांद्रयान-३ १४ जुलैला सुटलं आणि पावणेचार लाख किलोमीटरवरच्या चंद्रावर चाळीस दिवसांत उतरलं. खर्च साधारण ६१५ कोटी. गोसीखुर्द धरणाची कोनशिला पंतप्रधान राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला बसवली. अंदाज ३७२ कोटींचा होता. आकडा १८ हजार कोटींच्या पुढे गेला आणि वैनगंगेचं पाणी शेवटच्या बांधीच्या वाटेवर अजून आहेच. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये भूसंपादन नाही, हे इस्रोचं भाग्य.

१९६९ चा आणखी एक हिशेब जाता जाता. चंद्रावरची माती आणून शास्त्रज्ञ ती तपासत होते, त्याच हंगामात, १९६९-७० मध्ये, शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी पवनीला जगन्नाथ टेकडी खणत होते. दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. म्हणजे माणूस सगळ्यात वर पोचला, त्या वर्षी भंडारा जिल्हा सगळ्यात खाली पोचला. मात्र खालचं काम चोख झालं. १९७२ साली त्याचा अहवाल छापूनही आला, आणि अहवाल वेळेत छापून येणं हे चंद्रावर जाण्याइतकंच दुर्मीळ.

बरं, आकाशानं आम्हाला स्वतःच्या तारखा दिल्याच नाहीत, असं म्हणावं तर तसंही नाही. दारात आणून टाकल्या.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. दिवेलागण होऊन गेली होती. विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीनं, सावकाश, कुणी वरात काढल्यासारखे निघाले. नागपूरसकट कितीतरी ठिकाणी लोक गच्चीवर, रस्त्यावर थांबून मोबाइल वर धरून उभे राहिले. भंडाऱ्याहून पवनी ओलांडून ब्रह्मपुरी-नागभीडच्या पुढे गेलं की सिंदेवाही लागतं. त्या तालुक्यातल्या लाडबोरीत गावजेवणाची तयारी चालली होती. गावातल्या मोकळ्या जागेत धातूचं एक प्रचंड कडं येऊन आदळलं. माणूस आडवा मावेल एवढा घेर, चाळीस किलोच्या आसपास वजन. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळा सापडला. चीननं फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालून त्या संध्याकाळी खाली आला होता, असा माग जाणकारांनी काढला. तोवर व्हॉट्सअॅपवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र आणि शत्रूचा उपग्रह असे सगळे पर्याय वापरून झाले होते.

आपल्या यंत्रणेनं काय केलं? बेवारस सायकल सापडल्यावर जे करते तेच. पंचनामा केला आणि कडं पोलीस ठाण्यात जमा केलं. हसू नका, दुसरं करणार काय? १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की अवकाशात सोडलेली वस्तू कुठंही पडो, मालकी सोडणाऱ्या देशाचीच. म्हणजे ते कडं लाडबोरीत पडूनही चीनचं. तलाठ्याच्या सातबाऱ्यात यासाठी रकाना नाही. १९७२ च्या करारानं नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी कुणाचं तरी छप्पर फुटायला हवं होतं. लाडबोरीनं तेवढंही सहकार्य केलं नाही. मग इस्रोची माणसं आली, पाहून गेली.

ऑस्ट्रेलियातल्या एस्पेरन्सची गोष्ट वेगळी. ११ जुलै १९७९ ला अमेरिकेची स्कायलॅब कोसळली, तिचे तुकडे त्या भागात पडले. तिथल्या स्थानिक प्रशासनानं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरची पावती फाडली आणि तुकडे संग्रहालयात मांडले. गंमत म्हणून फाडलेली ती पावती ३० वर्षांनी एका रेडिओवाल्यानं वर्गणी काढून भरली. गावाचं नाव मात्र स्कायलॅबला जे चिकटलं ते कायमचं. आपल्याकडे रस्त्यात पानाची पिचकारी मारणाऱ्याची पावती फाडायची हिंमत होत नाही, चीनची कोण फाडणार?

लाडबोरीच्या कड्याआधी दहा वर्षं, २२ मे २०१२. दुपारचे दोन वाजून गेलेले, काटोल. मे महिन्यात विदर्भात दुपारी वरून फक्त ऊन पडतं, हा आमचा अनुभव. त्या दिवशी स्फोटासारखा आवाज झाला आणि दगड पडले. उल्कापात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तुकडे गोळा केले. पुढे २०२१ साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त आहे, पण ६६० किलोमीटरच्या खाली. तिथं उतरून पाहायची सोय कुणाकडे नाही. म्हणजे पायाखालची वस्तू बघायला दगड आकाशातून यावा लागला, आणि तो आला आपल्या काटोलला. काटोलचं नाव मात्र आम्ही अजून संत्र्याच्या भावापुरतंच घेतो.

पण माझी लाडकी तारीख आहे २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आली, पुलगाव ओलांडून भंडाऱ्याच्या वायव्येकडून शहडोलकडे निघून गेली. खग्रास सूर्यग्रहण, सुमारे दोन मिनिटांचं. आमच्या बांध्यांत तेव्हा लाखोरी उभी असणार, आणि लोक घराची दारं लावून आत. भंडारा मध्य प्रांतात, मागचा दुष्काळ नुकता सरलेला. मुंबई-पुण्यात प्लेग. मृग नक्षत्रावरून वेदांचं वय काढणारं ‘ओरायन’ १८९३ साली लिहिणारे टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात. आणि याच मुलखात जगभरचे खगोलवाले तंबू ठोकून बसले होते.

त्यांनी जागा कशा निवडल्या ते बघण्यासारखं आहे. नकाशावर एक रेघ सावलीची ओढली, दुसरी रेल्वेची. जिथं दोन्ही छेदल्या तिथं दुर्बिणींच्या पेट्या उतरवल्या. जेऊर हे पुणे-सोलापूर मार्गावरचं स्टेशन. तिथं अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला आले. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. शहडोलला खुद्द ब्रिटनचे राजज्योतिषी ख्रिस्ती. आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळणीला, धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधल्या त्या लहानशा स्टेशनाजवळ, ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची हौशी मंडळी. त्यात मॉन्डर नवरा-बायको.

अॅनी मॉन्डर ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी करत होत्या. १८९५ साली लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी गेली. तिथल्या सरकारी नोकरीत लग्न झालेली बाई चालत नसे. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं दार बायकांना बंद होतं, ते पुढे १९१६ ला उघडलं. सरकारी मोहिमांकडे मोठमोठी यंत्रं होती. या बाईंनी स्वतःचा लहान कॅमेरा तळणीच्या माळावर लावला आणि त्या दोन मिनिटांत सूर्याच्या प्रभामंडलाची एक शलाका टिपली, सुमारे ६० लाख मैल लांब. म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर. तोवर इतकी लांब शलाका कुणाच्याही काचेवर आली नव्हती. नोकरीवरून काढलेल्या बाईनं, वऱ्हाडातल्या आडस्टेशनावर हे केलं. आज तळणीवरून जाणाऱ्या गाडीत बसून कुणालाही विचारा. धामणगाव किती वेळात येईल ते सांगतील.

आणि एवढ्या सगळ्या तारखांतून आपण वर्धापनदिन कुठला उचलला? चुकीचा. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. तिथं नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम शोधला म्हणून दर १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो, भाषणं होतात, वर्तमानपत्रात चौकट येते. आता मजा अशी की त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते. १८६८ चं ग्रहण पाहायला फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला आले होते. लॉकियर यांनी आपल्या देशात बसून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचा पत्ता लागला. पृथ्वीवर तो वायू हाती आला १८९५ साली, विल्यम रॅम्से यांच्या. लॉकियर विजयदुर्गावर आले हे खरंच आहे, ओटेही खरेच, पण ते १८९८ च्या ग्रहणाला. सोबत ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी घेऊन. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहण खरं. फक्त बारसं ३० वर्षं आधीचं आणि बाळ दुसऱ्याच गावात जन्मलेलं.

खरी तारीख काही कमी तोलाची नव्हती. पण ‘सूर्यावरचा वायू आमच्या किल्ल्यावर सापडला’ हे वाक्य भाषणात जसं उंच चढतं, तसं ‘वर्णपटाची छायाचित्रं घेतली’ हे चढत नाही.

खगोलगणिती व्यंकटेश बापूजी केतकरांच्या बाबतीतही असंच चालू असतं. नेपच्यूनपलीकडे ब्रह्मा आणि विष्णू असे दोन ग्रह असावेत, असं त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या नियतकालिकात मांडलं. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला, तेव्हापासून ‘प्लूटो आधी मराठी माणसानं शोधला’ हे ठरलेलं. प्लूटो मात्र इतका हलका निघाला की कुणाच्याही गणितातून तो सापडणं शक्य नव्हतं. जुळलं ते योगायोगानं. फ्रान्सच्या नियतकालिकात आपलं गणित मांडणारा माणूस हा गौरवाला पुरेसा नाही का? शिवाय प्लूटोची २००६ साली ग्रहपदावरून पदावनती झाली, तीही २४ ऑगस्टला. अंतराळ दिनाचा मंडप दुसऱ्या दिवशी ठेवला तर त्याचंही सांत्वन उरकता येईल.

हारतुऱ्याविना साजरी होणारी आकाशाची एकच तारीख या जिल्ह्यात आहे, मृगाची. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. त्याला परिपत्रक लागत नाही. पंचांगात वाहन बघतात. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला तर बियाण्याच्या दुकानात हात सैल सुटतो, कोल्हा निघाला की आवळतो. वाहन काय वाटेल ते असो, तारीख मात्र खगोलाची आहे आणि ती सरकते. पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस. वराहमिहिराच्या काळी सूर्य आजच्यापेक्षा तीन आठवडे आधी मृगात जाई. नक्षत्र पुढं गेलं, पावसानं काही त्याच्यासोबत मुक्काम हलवला नाही. मृग कोरडा गेला म्हणून आकाशाला शिव्या घालताना हेही लक्षात असू द्यावं.

आणि हार घालायचाच तर डॉ. वसंत गोवारीकरांना घाला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक होते, रॉकेटच्या घन इंधनातले माहीतगार. नंतर त्यांनी पावसाकडे मोर्चा वळवला. १६ घटकांवरून मान्सूनचा अंदाज काढणारं त्यांचं प्रारूप १९८८ पासून हवामान खात्यानं वापरलं. २००२ चा दुष्काळ त्याला कळला नाही आणि ते मागं पडलं. पण रॉकेट सोडता सोडता बांधीत पाणी कधी येईल हा प्रश्न ज्यानं स्वतःहून अंगावर घेतला, असा अंतराळवाला रोवणीवाल्या बाईला समजला असता.

तरी आपल्या या तारखा साजऱ्या करायला अडचणी आहेत, हे मान्य करायला हवं. २२ जानेवारीला सगळी शाळा २६ जानेवारीच्या कवायतीत असते. २२ मेला उन्हाळ्याची सुट्टी, आणि काटोलच्या उन्हात फ्लेक्स बांधायला चढणार कोण? पाडव्याला सरकारी कार्यालयं बंद. आकाशानं कार्यक्रम आखताना शिक्षण विभागाला विचारलं नाही, ही मूळ चूक. त्यातही लाडबोरीचं कडं २ एप्रिलला पडलं, मार्चएंड होऊन दोन दिवस झाल्यावर. आधीच्या आठवड्यात पडलं असतं तर अखर्चित निधीतून निदान चबुतरा तरी उभा राहिला असता.